ब्रिटनची लहरी हवा आणि उन्हाळ्याचा उकाडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचे आई-बाबा येणार असतात, कुणाचं मूल विद्यापीठात रुजू होणार असतं, कुणी नुकतंच भाड्याचं घर घेतलेलं असतं. प्रश्न बहुतेक तेच: स्वेटर किती आणू, छत्री लागेल का, आणि जुलै आला की, "अगं, घरात बसवत नाही, काय करू?" मी मूळची अकोल्याची. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या रेडिंगला येऊन चौदा वर्षं झाली. एकेकाला फोनवर सांगत आले तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

इथली हवा इतकी का बदलते? सकाळी ऊन, दुपारी पाऊस, संध्याकाळी पुन्हा ऊन?

कारण हे बेट चार वाटांच्या नाक्यावर आहे. पश्चिमेला अटलांटिक, उत्तरेला आर्क्टिक, पूर्वेला युरोपचा जमिनीचा पट्टा आणि दक्षिणेला, फ्रान्स-स्पेनच्या पलीकडे, आफ्रिकेचं वाळवंट. ज्या दिशेचा वारा, तिथली हवा तो घेऊन येतो. नैर्ऋत्येचा वारा दमट आणि उबदार, वायव्येचा थंड आणि सरींचा, पूर्वेचा हिवाळ्यात बोचरा नि उन्हाळ्यात कोरडा. दक्षिणेकडून वाहायला लागला की पारा चढतो.

यांतली कोणती हवा इथे येणार हे बरंचसं ठरवतो जेट स्ट्रीम, म्हणजे साधारण दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा जोरदार वारा. तो ब्रिटनच्या डोक्यावरून गेला तर अटलांटिकवरची कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक येऊन आदळतात. उत्तरेला सरकला तर दक्षिणेची ऊब वर येते आणि उन्हाळा जमतो. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस आला की सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकतो, ऋतूला शब्द पाळायची सवय आहे. इथे एकाच आठवड्यात तीन वेगळ्या दिशांचे पाहुणे येऊन जातात. म्हणून दिवसाचा विचार सोडा, तासांचा करा. "उद्या पाऊस आहे का?" असं विचारण्यापेक्षा "उद्या दोन ते पाच पाऊस आहे का?" असं विचारा. माझी निम्मी अडचण या एका सवयीने सुटली.

लंडनमध्ये खरंच फार पाऊस पडतो का?

पुण्यापेक्षा कमी. हीथ्रोची वर्षाची सरासरी सुमारे ६१५ मिलिमीटर आहे, पुण्याची ७०० च्या वर. फरक वाटणीचा आहे. पुण्याचा पाऊस बहुतांश चार महिन्यांत उरकतो, लंडनचा वर्षभर थोडा थोडा ठिबकतो. निदान १ मिलिमीटर पाऊस पडला असे दिवस तिथे वर्षाला ११० च्या आसपास भरतात. आपल्या झडीसारखा सलग, छपरावर ताशा वाजवणारा पाऊस क्वचितच. बहुतेक वेळा भुरभुर, रिपरिप, नाहीतर दहा मिनिटांची सर.

पश्चिमेला मात्र गोष्ट वेगळी. लेक डिस्ट्रिक्ट, वेल्सचे डोंगर, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा इथे अटलांटिकचा ओला वारा डोंगराला धडकतो आणि रिता होतो. सह्याद्रीचं गणित तेच: महाबळेश्वर भिजतं, वाई कोरडी राहते. फिरायला पश्चिमेकडे निघालात तर लंडनच्या भरवशावर जाऊ नका.

अंदाज कुठे बघायचा? फोनमध्ये आधीच असलेलं ॲप चालेल का?

चालेल, पण मी मेट ऑफिसचंच ॲप वापरते. सरकारी हवामान खातं ते, मुख्यालय एक्सेटरला. १८५४ मध्ये रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याच्या हाताखाली ते सुरू झालं. डार्विन ज्या 'बीगल' जहाजावरून जगभर फिरला त्याचा हा कप्तान. १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' नावाचं जहाज वादळात फुटून शेकडो माणसं बुडाली, तेव्हा फिट्झरॉयने किनाऱ्यावर वादळाचे इशारे पोचवायची व्यवस्था उभी केली. १ ऑगस्ट १८६१ ला 'द टाइम्स'मध्ये लोकांसाठी पहिला अंदाज छापून आला. ब्रिटिश माणूस उठता-बसता हवेवर का बोलतो त्याचं मूळ थोडंसं इथेही आहे. दर्यावर्दी लोकांचा देश, हवा चुकली की माणूस गेला. रेडिओ ४ वर आजही जहाजांसाठीचा अंदाज वाचतात. ३१ समुद्री विभाग ठरलेल्या क्रमाने येतात, आणि कधी समुद्रावर न गेलेली माणसंही तो ऐकत झोपी जातात.

मी काय करते ते सांगते. रविवारी रात्री आठवड्याचा ढोबळ अंदाज बघते, तोही नुसता कल कळावा म्हणून. आदल्या रात्री तासातासाचा अंदाज बघते. घराबाहेर पडण्याआधी पावसाच्या रडारचा नकाशा बघते, कारण सर कुठे आहे आणि कुठे निघाली आहे ते त्यात डोळ्यांना दिसतं. पाच दिवसांपलीकडच्या अंदाजावर लग्नाचा मांडव घालू नका.

"पावसाची शक्यता ४०%" म्हणजे काय? दिवसाच्या ४०% वेळ पाऊस?

नाही. त्या वेळात तुमच्या ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता दहात चार, इतकंच. किती पडेल आणि किती वेळ पडेल याचा त्यात काहीच पत्ता नसतो. त्यासाठी थेंबाचं चित्र बघा: एक थेंब की दोन, ढगाआड सूर्य आहे की नाही. सूर्य दिसत असेल तर सरी आहेत, दुकानाच्या आडोशाला दहा मिनिटं थांबलात तरी भागेल.

यलो, अँबर (नारिंगी), रेड वॉर्निंग यांचा अर्थ काय?

इथे बहुतेकांची गफलत होते. रंग फक्त पाऊस किती किंवा वारा किती यावर ठरत नाही. नुकसान किती होऊ शकेल आणि ते होण्याची शक्यता किती, या दोन्हींची सांगड घालून ठरतो. त्यामुळे एक यलो म्हणजे "थोडा त्रास नक्की होईल", तर दुसरा यलो म्हणजे "शक्यता कमी, पण झालं तर मोठं होईल". रंग बघून फोन खिशात ठेवू नका, खालच्या चार ओळी वाचा. अँबर असेल तर बेत बदला. रेड म्हणजे जिवाला धोका. घरात बसा, नाहीतर सांगतील तसं करा.

उन्हाळ्यात इंग्लंडसाठी आणखी एक व्यवस्था असते, हीट-हेल्थ अलर्टची. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात आरोग्य सुरक्षा संस्था आणि मेट ऑफिस मिळून तो देतात. २०२३ पासून त्यालाही हेच रंग आहेत. तो मुख्यतः दवाखाने आणि वृद्धांची काळजी घेणाऱ्यांसाठी असला तरी ईमेलवर कुणालाही फुकट मिळतो. घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर नाव नोंदवून ठेवा.

वादळांना माणसांची नावं का?

लोकांच्या लक्षात राहावं म्हणून. २०१५ पासून ब्रिटन आणि आयर्लंडची हवामान खाती मिळून नावं ठेवतात, पहिलं होतं ॲबिगेल. नेदरलँड्स नंतर सामील झाला. नाव ऐकलं की अंगणातल्या कुंड्या, झोका, कचऱ्याचे डबे आत घ्या.

बाहेर पडताना काय घालायचं?

थर. आत सुती, वर पातळ स्वेटर, त्यावर टोपी असलेलं, पाणी न शिरणारं जॅकेट. छत्री लंडनच्या गल्लीत ठीक, पण समुद्राकाठी किंवा पुलावर वारा ती उलटी करतो. आई-बाबांसाठी जाड कोट भारतातून आणू नका. जून-जुलैतही रात्री पारा १२-१३ वर येतो, त्याला शाल आणि मोजे पुरतात.

आम्ही विदर्भातले. ४५ बघितलेले. ३२ डिग्रीला काय घाबरायचं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि मीही असंच म्हणत होते. म्हणून जरा बैजवार सांगते.

२०२२ च्या जुलैत बाबा आमच्याकडे होते, वय ७१. मेट ऑफिसने उष्णतेसाठी पहिल्यांदाच रेड वॉर्निंग दिलं होतं, १८ आणि १९ जुलैचं. बाबा हसून म्हणाले, "अकोल्याच्या माणसाला ३८ ची भीती घालतात होय!" आमचं घर विटांचं, जुनं, रांगेतलं. माळ्यावर खोली काढलेली, तीच त्यांना दिलेली. छपराला उतरती काचेची खिडकी. १८ तारखेला रात्री नऊ वाजता त्या खोलीत पारा ३४ वर होता. पंखा होता, पण तो तीच गरम हवा फिरवत होता. मला नंतर कळलं की बाबांनी संध्याकाळपासून पाणीच टाळलं होतं, कारण संडास दोन मजले खाली आणि रात्री जिना उतरायची त्यांना धास्ती. सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर ते पलंगावर बसून शर्टाची बटणं लावत होते. एक लावायचं, काढायचं, पुन्हा तेच लावायचं. मी हाक मारली तर मला माझ्या आत्याच्या नावाने ओ दिली. अंग तापलेलं होतं.

मी ९९९, म्हणजे इथला आपत्कालीन नंबर, लावला. फोनवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं ते करत गेले: खाली आणा, कपडे सैल करा, ओली चादर, वारा. नवऱ्याने त्यांना जवळजवळ उचलूनच स्वयंपाकघरात आणलं, तिथली फरशी गार होती. मान आणि काखेत ओले पंचे ठेवले, अंगावर पाणी शिंपडून वारा घातला. मदत येईपर्यंत ते मला माझ्या नावाने बोलवायला लागले होते. दुपारपर्यंत सावरले. त्याच दिवशी लिंकनशरमधल्या कोनिंग्जबीला ४०.३ अंशांची नोंद झाली. या देशात पारा पहिल्यांदाच चाळिशीपलीकडे गेला होता.

तेव्हापासून मी सांगते: इथला आकडा अकोल्याच्या आकड्याशी लावू नका, घर लावून बघा. अकोल्यात भिंत जाड, खिडकीवर छज्जा, डोक्यावर पंखा, खिडकीत वाळ्याचा कूलर, दुपारी एक ते चार रस्ता ओस, रात्री गच्ची. सगळं जगणंच उन्हाला धरून बेतलेलं. इथलं घर बेतलंय थंडीसाठी. ऊब आत घ्यायची आणि धरून ठेवायची, हेच त्याचं काम. भिंतीत आणि छपरात उष्णता अडवणारा थर, खिडकीवर छज्जा नाही, काच भिंतीच्या सपाटीत. त्यात जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा. लंडनला २१ जूनला सूर्य पहाटे पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री सव्वानऊनंतर मावळतो, तोही वायव्येला. म्हणजे आपण "उत्तरेची खोली, थंड असणार" म्हणतो तिथेही संध्याकाळचं तिरपं ऊन शिरतं. एकदा तापलेली वीट दोन-तीन रात्री निवत नाही. पहिला दिवस सुसह्य वाटतो, तिसरी रात्र काढवत नाही.

आणि शरीराचंही आहे. उन्हाची सवय अंगाला लागायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि ती टिकत नाही. मेमध्ये नागपुरात ४४ सोसलेलं अंग लंडनच्या १५-१८ अंशांत काही आठवडे राहिलं की विसरतं. २०२२ च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या पाच टप्प्यांत मिळून इंग्लंडमध्ये सुमारे ३ हजार जादा मृत्यू झाले, त्यांत बहुतेक पासष्टीच्या पुढचे. 

हीटवेव्ह नक्की कधी म्हणतात?

सलग तीन दिवस कमाल तापमान ठरलेल्या पातळीला पोचलं की. ही पातळी जिल्ह्यागणिक वेगळी: स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि बराचसा पश्चिम भाग २५, लंडन आणि भोवतीचा पट्टा २८. आपल्या माणसाला हसू येतं, पण मागचा प्रश्न पुन्हा वाचा.

घर गार कसं ठेवायचं? खिडक्या उघडायच्या की लावायच्या?

बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तोवर लावायच्या, गार झाली की उघडायच्या. इतका साधा नियम, पण इथली सवय उलटी: ऊन पडलं की आनंदाने सगळं घर उघडं टाकायचं. पाच पौंडांचे दोन थर्मामीटर घ्या, एक आत, एक बाहेर सावलीत. त्यांच्याकडे बघून ठरवा.

माझा दिनक्रम असा. पहाटे पाचला सगळ्या खिडक्या सताड, समोरासमोरच्या, म्हणजे वारा आरपार जातो. नऊच्या आधी सगळ्या बंद. पूर्वेचे पडदे सकाळी, दक्षिणेचे दुपारी, पश्चिमेचे तीनपासून झोपेपर्यंत ओढलेले. पडदा आतून असला की ऊन काच ओलांडून आलेलंच असतं, म्हणून बाहेरून अडवलेलं केव्हाही उत्तम. मी पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून जुनी पांढरी चादर बांधते. शेजारच्या आजींनी पहिल्या वर्षी विचारलं हे काय, दुसऱ्या वर्षी त्यांच्याही खिडकीला चादर होती. वरखाली सरकणाऱ्या जुन्या खिडक्या असतील तर वरची फळी थोडी खाली आणि खालची थोडी वर करा: वरून गरम हवा निघते, खालून गार येते. झोपायला खालच्या मजल्यावर या. माळ्यावरच्या खोलीत म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ ठेवू नका. ओव्हन बंद, डाळ-भाताचा कुकर पहाटेच.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिडकी जेमतेम दहा सेंटिमीटरच उघडते अशी तक्रार बरेच जण करतात. पडू नये म्हणून तिला अडकवण असते. लहान मूल असेल तर ती काढू नका. घरमालकाला लेखी कळवा आणि दुपार वाचनालयात काढा.

पंखा, कूलर, पोर्टेबल एसी यांपैकी काय घ्यावं?

पंखा घ्या, तोही मेमध्ये. जुलैत दुकानं रिकामी होतात. मात्र खोलीचा पारा ३५ च्या वर गेला की नुसत्या पंख्यावर विसंबू नका. गरम हवा अंगावर मारून तो शरीर आणखी कोरडं करतो. तेव्हा अंग ओलं ठेवणं महत्त्वाचं. कूलर बंद खोलीत लावला तर दमटपणा वाढून घुसमट होते. त्याला विदर्भातल्यासारखी उघडी खिडकी आणि कोरडी हवा लागते. पोर्टेबल एसीची नळी खिडकीबाहेर काढून फट नीट बंद केली तरच उपयोग, नाहीतर वीज जाते आणि खोली तिथेच.

खाण्यापिण्याचं काय?

आईने शिकवलं तेच. ताक, कोकम सरबत, सब्जा घातलेलं लिंबूपाणी. कैरी साउथहॉल, वेम्बली, लेस्टरच्या आपल्या दुकानांत मिळते. उकडून पन्हं करून ठेवलं की आठवडा निघतो. मधुमेह असेल तर गूळ-साखर बेताने. पाणी तहान लागायची वाट न बघता प्यायचं, आणि म्हाताऱ्या माणसांना "हवंय का?" असं विचारू नका, पेला हातात द्या. जिना अडचणीचा असेल तर त्यांची झोपायची जागा संडासाजवळ करा. हे मी किंमत मोजून शिकले.

ऊन लागल्याचं कसं ओळखायचं आणि काय करायचं?

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, भरपूर घाम, पायात गोळे, गळून जाणं: ही थकव्याची अवस्था. सावलीत किंवा गार खोलीत आडवं करा, पाय थोडे वर, कपडे सैल, पाणी पाजा, ओल्या फडक्याने पुसून वारा घाला. अर्ध्या तासात उतार पडायला हवा. पडला नाही, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजतंय पण घाम नाही, श्वास जोरात, झटके, शुद्ध हरपते आहे, तर तो उष्माघात. थेट ९९९. शंका असेल पण तातडी वाटत नसेल तर १११, हा आरोग्यसल्ल्याचा नंबर, दिवसरात्र चालू असतो.

लघवीच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं. स्वतःहून गोळी बंद करू नका, यायच्या आधीच भारतातल्या डॉक्टरांना विचारून घ्या. इन्शुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नका. मुलांना तर गाडीत एक मिनिटही नको. आणि पाहुण्यांचा प्रवास विमा असू द्या: आपत्कालीन विभागातली तपासणी मोफत असली तरी रुग्णालयात दाखल झालं की पाहुण्यांना बिल येतं.

ऑफिसात असह्य झालं तर घरी जायचा कायदा आहे का?

नाही. कमाल तापमानाची कायदेशीर मर्यादा इथे नाही, शाळांनाही नाही. किमान मात्र सांगितलेलं आहे: बैठ्या कामाला १६ अंश, अंगमेहनतीच्या कामाला १३. १९९२ च्या नियमांनुसार तापमान "वाजवी" ठेवणं मालकाचं काम आहे, त्या शब्दावर बोट ठेवून पंखा, सैल कपडे, लवकरची पाळी मागता येते. मागा. इथे मागितल्यावर मिळतं, गप्प बसल्यावर नाही.

थोडं ऊन पडलं की ट्रेन उशिरा का?

लोखंड तापलं की लांबतं. इथले रूळ २७ अंशांना ताणरहित राहतील अशा बेताने बसवलेले असतात, आणि उन्हातला रूळ हवेपेक्षा २० अंशांपर्यंत जास्त तापतो. हवा ३२ ला गेली की रूळ ५० च्या घरात. तो वाकू नये म्हणून गाड्या सावकाश चालवतात. काही ठिकाणी रूळ पांढरे रंगवलेले दिसतील, तेही याच कारणाने. भारतात रूळ जास्त तापमानाला धरून बसवतात, पण तिथे कडाक्याची थंडी या लोखंडाला इतकी सोसावी लागत नाही.

लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, बेकरलू आणि सेंट्रल लाइन टाळता आल्या तर टाळा. खोल बोगद्यांभोवतीच्या चिकणमातीने शंभर वर्षांची उष्णता शोषून घेतली आहे, ती आता बाहेर पडायला जागा नाही. मेट्रोपॉलिटन, सर्कल, डिस्ट्रिक्ट, हॅमरस्मिथ अँड सिटी आणि एलिझाबेथ लाइनच्या गाड्या वातानुकूलित आहेत. वळसा पडला तरी चालेल. पाण्याची बाटली हवीच.

गरम होतंय, मुलं नदीत उतरायचं म्हणतात. जाऊ द्यावं?

हवा ३० ची असली तरी पाणी गार असतं. नद्या, तलाव, समुद्र जूनमध्येही कित्येकदा १५ अंशांच्या आसपास. एकदम उडी मारली की छातीत श्वास अडकतो, माणूस नकळत पाण्याखालीच श्वास ओढतो आणि चांगला पोहणाराही बुडतो. आपली मुलं विहिरीत, तलावात कोमट पाण्यात शिकलेली, त्यांना हा धक्का माहीतच नसतो. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच जा, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. पाण्यात अडचण आली तर हातपाय मारू नका: पाठीवर पडा, कान पाण्यात जाऊ द्या, तरंगत राहा, श्वास ताब्यात आला की मग हाक मारा. किनाऱ्यावरून दुसरं कुणी अडचणीत दिसलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा.

मला भारतात कधी त्रास नव्हता, इथे जूनमध्ये शिंका थांबत नाहीत.

गवताचे परागकण. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत त्यांचा जोर असतो. वसंतात बर्च झाडाचे असतात. नव्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्रास सुरू होताना मी बरेचदा पाहिलंय. मेट ऑफिसचा परागांचा अंदाज रोज येतो. ॲलर्जीची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, औषधवाल्याला विचारून झोप न आणणारी घ्या. बाहेरून आल्यावर तोंड धुवा, कपडे बदला. दमा असेल तर परागांच्या दिवसांत गडगडाटी पाऊस येणार असला की घरात राहा आणि इनहेलर जवळ ठेवा. जून १९९४ मध्ये लंडनमध्ये अशा एका रात्री दम्याच्या रुग्णांनी दवाखाने भरून गेले होते.

सावळ्या कातडीला सनस्क्रीन लागतं का?

लागतं. यूव्ही (उन्हातल्या अतिनील किरणांचा निर्देशांक) ३ किंवा त्याहून जास्त असेल तर लावा. जूनच्या स्वच्छ दुपारी तो ६-७ वर जातो. आणि याच्या उलट बाजूने: आपल्या लोकांना व्हिटॅमिन डी कमी पडतं. दक्षिण आशियाई माणसांनी रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी वर्षभर घेण्याचा विचार करावा असं एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सांगते.

इतका पाऊस पडणाऱ्या देशात बागेला नळी लावायला बंदी?

दक्षिण इंग्लंडचं बरंचसं पिण्याचं पाणी जमिनीखालच्या खडूच्या खडकात साठतं, आणि ते भरतं हिवाळ्याच्या पावसाने. उन्हाळ्याची सर झाडं आणि ऊनच पिऊन टाकतात. हिवाळा कोरडा गेला की बंदी येते. मोडली तर १ हजार पौंडांपर्यंत दंड. झारीने घातलेलं चालतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला घाला, आपल्याकडे ते कुणी फेकत नाही.

असा उन्हाळा इथे पूर्वीही व्हायचा का?

इथली साठीतली माणसं १९७६ ची आठवण काढतात. तेव्हा २३ जून ते ७ जुलै असे सलग पंधरा दिवस इंग्लंडमध्ये कुठे ना कुठे ३२ अंश ओलांडत होते. पाणी इतकं आटलं की दुष्काळासाठी वेगळा मंत्री नेमला. पण तो अपवाद होता. २०१९ मध्ये केंब्रिजला ३८.७, २०२२ मध्ये ४०.३, आणि २०२५ चा उन्हाळा सरासरीने देशाच्या नोंदींतला सर्वांत उष्ण. आता घर घेताना मी लोकांना सांगते: स्वयंपाकघर आणि बाग बघता तशी पश्चिमेची काच आणि माळ्याची खोलीही बघा.

इथे वाळवण होतं का?

होतं, आणि हा प्रश्न आला की मला फार बरं वाटतं. उडदाच्या पापडाचा हट्ट धरू नका. साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, सांडगी मिरची छान होतात. नुसतं ऊन बघू नका. वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा हवा, म्हणजे कोरडी हवा येते. दाब जास्त आणि तीन दिवस तसाच राहणार असं हवं. दुपारची आर्द्रता ५०% च्या खाली हवी. ॲपमध्ये हे सगळं दिसतं. जूनचा दिवस मोठा असल्याने पापडी एका दिवसात वरून सुकते, पण पहाटेचं दव पडण्याआधी, रात्री साडेआठलाच आत घ्यायची. कबुतरं आणि सीगल यांच्यासाठी वर जुनी ओढणी ताणून चार चिमटे. २०२३ च्या जूनमध्ये आईने मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर चाळण्या मांडून दोन किलो साबुदाण्याच्या पापड्या केल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला पश्चिमेला ढग दिसले, रडारवर सर आमच्या अगदी जवळ आलेली होती. आम्ही तिघांनी वीस मिनिटांत सगळं आत घेतलं आणि दार लावलं तेव्हा पहिला थेंब पडला.